अकरावा खिळा

दप्तरखान्याच्या लांब व्हरांड्यात भिंतीवर तेवीस खिळे होते आणि बावीस तसबिरी. शेजारच्या देशात एकशे दहा वर्षांत इथून जे जे राजदूत गेले, ते सगळे तिथे ओळीने टांगलेले. पहिल्याने तिकडच्या राजाला भेट म्हणून मोठं घड्याळ नेलं होतं, ते बोटीतच बंद पडलं. चौथा सहा वर्षं राहिला आणि तिकडच्या भाषेत 'दार लावा' एवढंच शिकला. सातव्याने तिकडचीच बायको केली, आणि ती आता कुठल्या देशाची यावर दोन्ही सरकारं पुढची दोन वर्षं एकमेकांना पत्रं लिहीत बसली. दहाव्याच्या पुढे एक रिकामा खिळा होता. मग बारावा.

दप्तरखान्यात कुणी राजदूतांना नावाने ओळखत नसे. फायलींवर क्रमांक, म्हणून तोंडातही क्रमांक. बाविसाव्या क्रमांकाचे राजदूत निवृत्त झाल्यावर या सगळ्यांचा इतिहास लिहायला इथेच येऊन बसले, तेव्हा शिपायापासून सगळे त्यांनाही 'बाविसावे' म्हणू लागले. "दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं," ते म्हणायचे. "आता हाक येईल, बाविसावे, आत या, शर्ट काढा."

तळमजल्यावर कागद दुरुस्त करायची खोली होती. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे डॉक्टरबाई म्हणत. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या. फाटलेले, बुरशी लागलेले, आम्ल चढून पापडासारखे झालेले कागद त्यांच्याकडे यायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी धडधाकट होऊन वर जायचे. निवृत्तीला तीन महिने उरले होते. व्हरांड्यातून जाताना त्या दहाव्या तसबिरीपाशी नजर खाली घालायच्या आणि बाराव्यापाशी वर करायच्या. एकोणीस वर्षांची सवय होती ती. आता पायांनाच कळायचं, किती पावलं खाली बघायचं ते.

सोमवारी सकाळी बाविसाव्यांनी त्यांना वर बोलावलं. खुर्चीत ऐंशीच्या पुढची एक बाई ताठ बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"या डॉक्टरबाई. या अकराव्यांच्या कन्या."

"माझ्या वडिलांना नंबर नव्हता," म्हातारी म्हणाली. "तुरुंगात होते का ते?"

बाविसावे ओशाळले. "तसं नाही हो मावशी. इथली बोलायची पद्धत आहे. मलासुद्धा बाविसावे म्हणतात."

"तुम्हाला चालत असेल. तुमचा फोटो लागलाय."

बाविसाव्यांना पुस्तकासाठी आणि त्या रिकाम्या खिळ्यासाठी फोटो हवा होता, म्हणून त्यांनीच शोधून शोधून या बाईंना पत्र घातलं होतं. फोटो तिने आणला होता, रुमालात गुंडाळून. पण रुमाल सोडायला ती तयार नव्हती.

"आधी तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा."

बाविसाव्यांनी चष्मा लावला. "'अकरावे राजदूत. लढाईच्या तिसऱ्या महिन्यात, सरकारच्या परवानगीविना, वकिलात सोडून मायदेशी परतले.'"

"त्यातलं 'विना' काढा. मग फोटो घ्या."

"आनंदाने काढीन मावशी. पण कशाच्या जोरावर? परवानगी मागणारं त्यांचं पत्र आपल्याकडे आहे. उत्तर कुठेच नाही."

"उत्तर त्याच पत्रावर होतं. समासात. मंत्र्यांनी जांभळ्या पेन्सिलीने लिहून तेच पत्र उलट धाडलं. बाबांनी ते वकिलातीच्या लोखंडी पेटीत ठेवलं, सगळ्यात सुरक्षित म्हणून. पेटी मागून यायची होती, ती तिकडेच अडकली. मंत्री त्याच महिन्यात वारले. मग उरले एकटे बाबा आणि त्यांची जांभळी पेन्सिल. शाळेत मला पळपुट्याची पोर म्हणायचे. लग्नात आडनाव बदललं ना, त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली."

"पद्धत होती खरी," बाविसावे डॉक्टरबाईंकडे वळून म्हणाले. "जांभळी पेन्सिल फक्त मंत्र्यांच्या टेबलावर. दुसऱ्या कुणी वापरली तर नोकरी जायची. आणि लढाईच्या धांदलीत टाइप करत कोण बसणार? शेरा मारायचा, मूळ पत्रच परत. पण मावशी, ती पेटी एकोणीस वर्षांपूर्वी तिकडच्या सरकारने आपल्याला परत केली. ते पत्र मी डोळ्यांनी पाहिलंय. समासात एक फिकट डाग आहे, बाकी काही नाही. डॉक्टरबाई, पेटीतले कागद तुम्हीच दुरुस्त केलेत ना? तुम्हीच सांगा यांना. शेरा होता का?"

एवढी वर्षं डॉक्टरबाईंना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि आता विचारला तो इतक्या सहज, खिडकी उघडी आहे का विचारावं तसा.

"वही बघून सांगते," त्या म्हणाल्या.

"गुरुवारपर्यंत सांगा. शुक्रवारी पुस्तक छापायला जातंय. एकदा छापलं की झालं, पुढची पन्नास वर्षं लोक त्यातूनच उतरवणार."

म्हातारी त्यांच्याकडे बघत होती. "बसा हो जरा. जिने मी चढून आलेय आणि धाप तुम्हाला लागलीय."

वही बघायची गरजच नव्हती.

पेटी आली तेव्हा आत ऐंशी कागद होते, दमट, बुरशीने एकमेकांना चिकटलेले. दर दिवसाने बुरशी वाढत होती. नियम असा की पाण्यात घालण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो काढायचा, आणि कागदावर जितक्या प्रकारच्या शाया दिसतील तितक्या ठिकाणी पाण्याचा थेंब ठेवून, टिपकागदाचा कपटा दाबून, रंग सुटतो का बघायचा. कॅमेरा दुरुस्तीला गेला होता. आठवडाभर थांबायला हवं होतं. डॉक्टरबाई थांबल्या नाहीत. प्रत्येक कागदावर खाली सहीपाशी एकच थेंब ठेवला. सही लोहाच्या काळ्या शाईची होती, घट्ट. मग आम्ल उतरवायला कागद चुन्याच्या निवळीत सोडले, एकामागून एक.

त्रेपन्नावा कागद पाण्यात उतरत असताना त्यांना समासातली ओळ दिसली. बुरशीच्या करड्या थराखाली ती आधी नुसती रेघ वाटली होती. ओली झाली आणि एकदम फुलली. जांभळ्या कॉपी पेन्सिलीचं तसंच असतं. कोरडी असताना शिशासारखी करडी, पाणी लागलं की गडद जांभळी. त्यांनी ती वाचली. 'परवानगी आहे. वकिलात बंद करून सर्वांना घेऊन निघावे.' खाली तारीख आणि मंत्र्यांची तुटक सही. वाचेपर्यंत अक्षरांतून जांभळा धूर निघावा तसा रंग पाण्यात पसरायला लागला. त्यांनी कागद ओढून काढला, हाताला आला तो टिपकागद त्यावर दाबला. उचलला तेव्हा समासात नुसता डाग उरला होता.

वहीत त्यांनी लिहिलं: 'क्रमांक त्रेपन्न. शाई स्थिर. समासात जुना जांभळा डाग.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर जाऊन पत्र लिहिणारा अकरावा कोण आणि त्याचा खिळा रिकामा का ते पाहिलं. कळलं. त्याच आठवड्यात त्यांच्या प्रमुखपदाचा कागद सहीला गेला होता. सही होऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. सही झाली. मग नव्या पदावरचा पहिलाच महिना, कसं सांगायचं? मग वर्ष झालं. आता वर्षभर का गप्प बसलात तेही सांगावं लागणार होतं. पुढे पुढे तर मूळ गोष्टीपेक्षा गप्प बसणंच इतकं मोठं झालं की त्याच्या आडून मूळ गोष्ट दिसेनाशी झाली.

टिपकागद मात्र त्यांनी टाकला नाही. दोन काचांमध्ये घालून, काळ्या कागदात गुंडाळून तळाच्या खणात ठेवला.

त्या सोमवारी संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, प्रयोग फसला तरी मुलांना हसत हसत पुन्हा करायला लावणारा माणूस. त्याने घास हातात तसाच धरून ऐकलं.

"अगं, चूक झाली तुझ्या हातून. तू काय मुद्दाम केलंस का?"

"चूक मिनिटभराची होती. उरलेल्या एकोणीस वर्षांना काय म्हणायचं?"

"आणि आता बोललीस तर? निरोप समारंभाच्या जागी चौकशी लागेल."

"लागेल."

त्याने घास ताटात ठेवला. "बरं, तो टिपकागद. फेकून का नाही दिलास?"

"फेकवला नाही."

"मग दाखवला का नाहीस?"

"दाखववलाही नाही."

"धन्य आहे," तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज उतरला. "मला तरी सांगायचं होतंस गं. एका ताटात जेवल्यासारखे राहतो आपण."

गुरुवारी डॉक्टरबाईंनी बाविसाव्यांना आणि म्हातारीला खाली आपल्या खोलीत बोलावलं. हात धुवायच्या जागेवरचा आरसा काढून टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यांनी काचा उघडल्या. टिपकागदावर वाळलेल्या फुलाच्या रंगाची एक उलटी ओळ होती.

"कॉपी पेन्सिलीचं अक्षर ओलं झालं की दुसऱ्या कागदावर उलटं उमटतं," त्या म्हणाल्या. "आरशात सुलटं दिसेल. मधले दोन-तीन शब्द गेलेत."

म्हातारीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बोट आरशावर न टेकवता, हवेतच अक्षरांखालून फिरवत तिने वाचलं. "परवानगी आहे... वकिलात..." मग नुसते ओठ हलले. मग पुन्हा आवाज आला. "सर्वांना घेऊन नि..."

बाविसावे वाकून सही बघत होते. "त्यांचीच. शंभर फायलींवर पाहिलीय मी ही सही. ही शेपटी दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

"सर्वांना घेऊन," म्हातारी पुन्हा म्हणाली. "बाबांनी स्वयंपाकी, माळी, दोन कारकून, त्यांची बायकापोरं, सगळ्यांना आणलं होतं. लोक हसायचे. म्हणायचे, पळाला तो पळाला, वर लटांबर घेऊन पळाला." तिने आरशातून नजर काढली. "हे कुठे सापडलं?"

"सापडलं नाही. माझ्याकडेच होतं." डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं, कॅमेरा, एकच थेंब, निवळी, वहीतली खोटी ओळ, प्रमुखपद. काही गाळलं नाही. वाक्यं सरळ आली. मनात ती कितीदा तरी म्हणून झाली होती.

म्हातारीने बोटांवर वर्षं मोजली.

"एकोणीस वर्षं," म्हातारी म्हणाली. "माझा भाऊ जाऊन चौदा झाली. बाबा खोटं बोलतात असं त्याला वाटायचं. त्यांच्या शेवटच्या आजारातही तो आला नाही. नंतर म्हातारपणी मला म्हणायचा, ताई, एकदा ते पत्र बघायला मिळालं असतं तर मी त्यांच्या फोटोसमोर तरी उभा राहिलो असतो. पाच वर्षं होतं हे इथे, तो जिवंत असताना. कुठे होतं?"

डॉक्टरबाईंनी खालचा खण दाखवला. म्हातारी उठली, टेबलाला धरून सावकाश वाकली, आणि तो खण उघडून आत बघत राहिली. आत दोऱ्याची रिळं होती, एक बोथट कात्री, आणि एवढी वर्षं तिथे राहिलेल्या काळ्या पुडक्याचा चौकोनी ठसा.

"मी माफी मागायलासुद्धा..."

"मग मागू नका."

बाविसावे खाकरले. "हे बघा, 'विना' आत्ताच्या आत्ता काढतो. तळटीप देऊ, 'टिपकागदावरील ठशावरून'. मूळ शेरा काळाच्या ओघात पुसट झाला, असं लिहू. बाईंचं नाव यायचं कारण नाही. मी आयुष्यभर हेच केलंय हो, दोन्हीकडची अब्रू राहील असं वाक्य बनवायचं."

डॉक्टरबाईंना ते वाक्य क्षणभर फार हवंहवंसं वाटलं. ऊबदार होतं ते, आत शिरून दार लावून घ्यावं असं.

"काळाने नाही पुसला," त्या म्हणाल्या. "मी धुतला. तसंच लिहा. नाहीतर उद्या कुणीतरी विचारेल, हा टिपकागद आला कुठून, आणि पुन्हा यांच्या वडिलांवरच शंका येईल."

बाविसाव्यांनी म्हातारीकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, पण रुमालाची गाठ सोडायला घेतली. आत एका तरुण माणसाचा फोटो होता, जरासा घाबरलेला, टाय वाकडा.

मग डॉक्टरबाईंनी कपाटातून जुनी वही काढली. वहीत खाडाखोड करायची नाही, असा नियम. चुकलं तर जुनी ओळ तशीच ठेवून शेजारी नवी लिहायची. त्यांनी त्रेपन्नाव्या ओळीपुढे लिहिलं: 'शाया दोन होत्या. दुसरी मी तपासली नाही. शेरा माझ्या हातून धुतला गेला. हे मला त्याच दिवशी माहीत होतं.'

"वाचून दाखवा," म्हातारी म्हणाली.

त्यांनी वाचलं.

"तारीख घाला. आजची."

त्यांनी तारीख घातली, सही केली. बाविसावे फोटो छातीशी धरून खिळ्याच्या मापाची दोरी शोधायला पुढे गेले. त्यांच्यामागून दोघी जिन्याशी आल्या. डॉक्टरबाईंनी आधाराला हात पुढे केला. म्हातारीने त्या हाताकडे पाहिलं, मग कठडा धरला आणि एकेक पायरी चढायला लागली. डॉक्टरबाई दोन पायऱ्या मागे राहून, ती तोल जाऊन पडली तर सावरता येईल इतक्याच अंतरावरून, वर जात राहिल्या.