खोडलेलं धरून

कोश कार्यालयात तिला सगळे कात्री म्हणत. कुणी तीन ओळींची व्याख्या लिहून दिली की ती एका ओळीत बसवायची आणि वर लिहिणाऱ्यालाच विचारायची, "काही राहिलं का?" काही राहिलेलं नसायचं, म्हणून माणसं आणखीच चिडायची. पदाने ती सहसंपादक होती. जीवशास्त्र, वैद्यक आणि भूशास्त्र या तिन्हींत वापरला जाणारा, पण तिन्हीकडे निराळा अर्थ असणारा शब्द सापडला की तो या कोशात यायचा. काम मुंगीच्या गतीने चालायचं. सात वर्षांत गाडी 'ग'वरून 'न'वर पोहोचली होती.

दर बुधवारी अकराला लांब टेबलाशी तीन तज्ज्ञ बसत. वनस्पतींच्या बाई मध्ये, एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला भूशास्त्रज्ञ. बाईंना मध्ये बसायची हौस नव्हती, पण भिंत म्हणून त्यांचीच निवड झाली होती. डॉक्टर म्हणजे कात्रीचा सख्खा मामा, भूशास्त्रज्ञ म्हणजे तिचे वडील, आणि त्या दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. एकाने खिडकी उघडली की दुसऱ्याला वारा बाधायचा. एकाला स्वल्पविराम हवा असला की दुसऱ्याला तो डोळ्यांत खुपायचा.

कात्री यात तटस्थ होती असं कुणी म्हणू नये. ती उघडउघड मामाच्या बाजूची होती. वडिलांना ती कार्यालयात 'सर' म्हणायची आणि 'तुम्ही' म्हणायची. कार्यालयाबाहेर काही म्हणायचा प्रश्नच नव्हता, कारण बाहेर ती त्यांना भेटतच नव्हती.

कारण सरळ होतं. सात वर्षांपूर्वी तिची आई गळ्यातल्या गाठीने गेली. शेवटच्या उन्हाळ्यात बाबांचा दोन महिन्यांचा मुक्काम डोंगरात होता, खडकांच्या पाहणीसाठी, आणि आई त्यांच्याबरोबर गेली होती. परत आली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि उशीर झाला होता. आई गेली त्या दुपारी हॉस्पिटलच्या जिन्यात मामाने सगळ्यांसमोर आवाज चढवला होता. "गळ्यात गाठ असलेल्या बाईला दगड मोजायला घेऊन गेलात, भावोजी? माझ्याकडे एकदा आणता आलं नाही?" बाबा त्या दिवशी मूग गिळून गप्प बसले. आठवड्याने मुलीला एवढंच म्हणाले, "ती आधी त्यालाच दाखवून आली होती. त्यानेच सोड म्हणून सांगितलं. मी विचारलं तेव्हा तिने मला हेच सांगितलं."

कात्री तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि जीभ तिची आजच्याइतकीच धारदार होती. "गेलेल्या बाईच्या तोंडी शब्द घालताना लाज नाही वाटत?" ती म्हणाली. त्याच महिन्यात दोन बॅगा उचलून ती भाड्याच्या खोलीत राहायला गेली. बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. तिने याचा अर्थ असा लावला की त्यांच्याकडे बोलायला तोंड उरलेलं नाही.

त्या बुधवारी 'नोड्यूल' हा शब्द होता. शुक्रवारी 'न' छापायला जाणार होता, आणि नियम असा की तिघांच्याही सह्या झाल्याशिवाय शब्द कोशात जात नाही. तिने टाइप केलेला कागद समोर धरला.

"नोड्यूल, म्हणजे गाठ. एक, जीवशास्त्र. शेंगा धरणाऱ्या झाडांच्या मुळांवरची गाठ. हिच्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात."

"कापल्यावर आतून गुलाबी निघाली तर ती कामाची, हे मी लिहिलं होतं," बाई म्हणाल्या.

"कापलं."

"तुझ्या हातात शेत द्यायला नको." बाईंनी सही केली.

"दोन, वैद्यक. शरीरातली लहान, घट्ट गाठ. बहुधा निरुपद्रवी, दुखत नसली तरी तपासणी आवश्यक. तीन, भूशास्त्र. खडकात किंवा समुद्राच्या तळाशी तयार झालेला गोलसर गोळा, भोवतालाहून वेगळ्या घडणीचा."

मामाने खिशातून पेन काढलं. बाबांनी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं.

"दुसरी व्याख्या पुन्हा वाचा," ते म्हणाले.

तिने वाचली.

"हे वाक्य असं नव्हतं."

"सर, तुमची व्याख्या तिसरी आहे," कात्री म्हणाली. "दुसरीत तुम्ही कशाला लक्ष घालताय?"

"मला वाचता येतं म्हणून. मूळ कार्ड काढा."

मामा हसला, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "टाइप झालंय, तपासून झालंय. परवा छापायला जायचंय. भावोजींना काय, डोंगराच्या हिशोबाने दोन-चार लाख वर्षं म्हणजे काहीच नाही."

"सात वर्षं 'न'ची वाट बघतोय, डॉक्टर. अजून पाच मिनिटं मला जड नाहीत."

"बघा, कबूल केलं! शब्दासाठी येतच नाहीत हे. उणीदुणी काढायला येतात."

"दोघंही जरा हळू बोला," बाई म्हणाल्या. "माझे दोन्ही कान चांगले आहेत."

मूळ कार्डाचं प्रकरण असं होतं. कोशाचं काम सुरू झालं तेव्हाच, आई धडधाकट होती त्या काळात, हजारो शब्दांची कार्डं तयार झाली. एका कार्डावर तिन्ही तज्ज्ञांनी आपापल्या हाताने लिहायचं. पुढे कधी बदल करावासा वाटला तर जुन्या ओळीवरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी नवी ओळ, सही आणि तारीख. ज्याची ओळ त्याला दुरुस्तीसाठी कार्ड केव्हाही मिळे, बाकीच्यांना मात्र ते अक्षर येईपर्यंत नाही. आणि एखाद्या सभासदाने मागणी केली तर सहसंपादकाने मूळ कार्ड मोठ्याने वाचायचं, खोडलेलं धरून. जुन्या प्रमुख संपादकांचा हा नियम होता. तसे ते कटकटे गृहस्थ होते, पण नियम त्यांनी पक्के केले होते.

कात्री तणतणत उठली. म्हाताऱ्याला आज काहीतरी उकरून काढायचंच आहे, असं तिच्या मनात आलं. भिंतीलगतच्या लाकडी कपाटात 'न'चा खण अडकत होता. तिने तो हिसका देऊन ओढला, कार्डं चाळली आणि पिवळं पडलेलं एक कार्ड बाहेर काढलं. वर बाईंचं गोल अक्षर, खाली बाबांचं उभं, मध्ये मामाचं तिरकं. मध्ये एक ओळ खोडलेली होती. तिने ती वाचली. मग शेजारची तारीख वाचली.

आई गेल्याची तारीख तिला पाठ होती. तिने बोटांवर दिवस मोजले. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. आई गेल्यावर बरोबर नऊ दिवसांनी.

"सापडत नसेल तर राहू दे," मामा मागून म्हणाला. त्याच्या आवाजात न मागितलेली माया होती. "कशाला त्रास घेतेस? मी सांगतो ना, एवढं काही नाही त्यात."

मामाला त्या कार्डावर काय आहे ते ठाऊक होतं. सापडलं नाही म्हणून सांगणं अगदी सोपं होतं. खण बंद करायचा, शुक्रवारी 'न' छापायला पाठवायचा, आणि बुधवारी पुन्हा मामाच्या बाजूने भांडायचं. सात वर्षं तिने बापाचा राग केला होता. तो राग चुकीच्या माणसावर काढला असं निघालं तर ती काय करणार होती? तिला स्वतःचीच भीती वाटली.

ती टेबलाशी आली आणि उभ्यानेच वाचू लागली. बाईंची ओळ वाचली. गुलाबी रंगासकट. मग दुसरी.

"वैद्यक. शरीरातली लहान, घट्ट गाठ. बहुधा निरुपद्रवी." ती थांबली. "खोडलेलं. दुखत नसल्यास दुर्लक्ष करावे. खोडलेलं संपलं. नवीन. दुखत नसली तरी तपासणी आवश्यक. सही डॉक्टरांची." आणि मग तिने तारीख वाचली.

बाबांनी मान वर केली. ओळ त्यांना ठाऊक होती, तिच्याच खाली त्यांनी आपली ओळ लिहिली होती. तारीख त्यांना ठाऊक नव्हती.

"दुरुस्ती करणं गुन्हा आहे का?" मामा एकदम उसळला. "शास्त्र बदलतं, व्याख्या बदलतात. बाईंनी काय कमी ओळी खोडल्यात?"

"मी इतक्या घाईने कधी खोडली नाही," बाई म्हणाल्या.

"आई तुला दाखवायला आली होती?" कात्रीने विचारलं. कार्यालयात मामाला 'तू' म्हणायची ही तिची पहिलीच वेळ.

"हे इथे बोलायचं नाही."

"जिन्यात बोलायचं होतं?"

मामाने पेन टेबलावर टाकलं. ते घरंगळत बाईंच्या हातापर्यंत गेलं. "आली होती," तो म्हणाला. "जेवताना दाखवली. वाटाण्याएवढी होती. दुखत नव्हती. मी दोन बोटं लावली आणि..."

"काय म्हणालास?"

"काय म्हणालो ते तू आत्ता वाचलंस ना!" तो ओरडला. "आणखी कितीदा वदवून घेणार आहेस माझ्याकडून? बहीण होती ती माझी. मला काय माहीत होतं?"

"नऊ दिवसांत माहीत झालं. कार्ड मागून दुरुस्त करण्याइतकं माहीत झालं. बाबांना सांगायला मात्र सात वर्षं पुरली नाहीत."

"त्या दिवशी कुणावर तरी ओरडायला हवं होतं मला. समोर भावोजी होते." त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि त्यात पश्चात्ताप किती आणि पकडल्याचा संताप किती, हे तिला कळेना. "पण नंतर मी एकही गाठ तशी सोडलेली नाही. एकही नाही. विचार कुणालाही."

"बाबांनाही नाही सोडलंस," ती म्हणाली. "दर बुधवारी."

मामाने बाईंच्या हातातून पेन ओढून घेतलं, कागदावर कागद फाटेल अशी सही केली, आणि बॅग उचलून निघाला. दाराशी वळून त्याने पाहिलं ते तिच्याकडे नाही, बाबांकडे. "झालं समाधान?" त्याने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले.

दार आपटलं. बाईंनी चष्मा काढून पुसला, तो स्वच्छच होता, आणि चहा सांगून येते म्हणत त्याही बाहेर गेल्या. चहा सांगायला टेबलावर फोन होता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

आता खोलीत दोघंच उरली. बाबांनी कागद ओढून घेतला, दुसरी व्याख्या बोट ठेवून पुन्हा वाचली आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच उभी आली.

"वाक्य आता बरोबर आहे," ते म्हणाले.

"बाबा," कात्री म्हणाली. तो शब्द तोंडातून निघायलाच वेळ लागला. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला राग येत होता. "मी तेव्हा तुम्हाला जे बोलले ना... ते मी मागे घेते. सगळं."

बाबांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात अडकवलं. तिच्याकडे पाहिलं ते अनोळखी माणसाकडे पाहावं तसं नाही. तसं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीतरी वेळा वाटलं.

"घ्या ना," ते म्हणाले. "पण तुमच्या या कार्यालयात खोडलेलंही वाचता येतं, सहसंपादकबाई. पुढचा शब्द काढा."