पत्र्याला लावलेला कान

तळवलीच्या देवळात संगमरवर बसला, झुंबरं आली, पाय धुवायच्या नळालाही सेन्सर लागला. जुन्या देवळातला सागवानी खांब तेवढा उरला. तो लाकडाचा दिसतो याची कमिटीला लाज वाटायची, म्हणून त्यावर पितळी पत्रा मढवायचं काम हरेशकाकांकडे आलं.

त्या दिवशी त्यांची मुलगी ईश्वरी डबा घेऊन आली तेव्हा ते नेहमीसारखे कामात होते. पत्रा बर्नरने तापवून नरम करायचा, खांबाला गुंडाळायचा, लाकडी मोगरीने बडवत बडवत कोरीव वेलीच्या खाचांत बसवायचा. मग कान टेकवून टिचकी मारायची. पोकळ वाजलं की समजायचं, पत्रा लाकडापासून सुटलाय. पुन्हा मोगरी.

"ये, ऐक," ते म्हणाले. तिने कान लावला. "इथं भरीव. आन् इथं?"

"पोकळ."

"एवढी पुस्तकं वाचलीस, तरी कान शाबूत हायत गं तुजे."

मोगरी हातात धरून त्यांनी पुन्हा पत्र्याला कान टेकवला, तेवढ्यात कमिटीचा अध्यक्ष राजवर्धन आला, मोबाइल पुढे धरूनच. गावाच्या जमिनींवर इमारती उठवलेला हा माणूस देवाकडेही प्लॉटसारखाच बघायचा.

"काका, तसंच ऱ्हावा. डोकं टेकलेलंच ऱ्हाऊ द्या. एक नंबर फोटो!"

"डोकं नाय रं, कान हाय."

"तेच ते."

तो गेल्यावर ईश्वरी म्हणाली, "बाबा, एकदा सांगून टाका ना, देवबीव मानत नाही म्हणून."

"सांगून काय व्हनार? खांब दुसऱ्या कुनाला देतील. तो लाकडात खिळे ठोकंल." ते हसले आणि डबा घेऊन बाहेर कट्ट्यावर जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच, चपला घालता घालता ते गेले.

शोकसभा खांबापाशीच ठेवली. मागे बॅनर: हात जोडलेला राजवर्धन माणसाएवढा, हरेशकाका कोपऱ्यात बशीएवढे. खाली सोनेरी अक्षरांत 'निस्सीम देवभक्त'. फोटोतली मोगरी पुसून हातात कमळ चिकटवलं होतं. बोटं मात्र तशीच राहिली होती, दांडा आवळून धरलेली. कमळ असं कुणी धरत नाही. एवढं बघायलाही कुणाला सवड झाली नव्हती.

"काकांनी देवाच्या पायाशी डोकं ठेवून देह सोडला," राजवर्धन माइकवर म्हणाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग माइक तिच्याकडे देत तो हळूच म्हणाला, "ताई, थोडक्यात हां. मागनं नाश्ता हाय."

ईश्वरीने आजवर गावात याबद्दल तोंड उघडलं नव्हतं, ते वडिलांच्या हातून काम जाऊ नये म्हणून. आता जायला काही राहिलं नव्हतं. आज गप्प बसली, तर गावात उरणार होता तो हा कमळवाला.

"माझे बाबा देव मानत नव्हते," ती म्हणाली. राजवर्धनने माइकसाठी हात पुढे केला. तिने माइक दुसऱ्या हातात घेतला. "या खांबाला त्यांनी कधी डोकं टेकलं नाही. पत्रा नीट बसलाय का, ते कान लावून ऐकत होते. आणि हातात फूल नव्हतं. मोगरी होती."