न बसलेला घसा

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा माझा घसा आधीच सुजलेला होता. सोमवारी नाटक कंपनीत माझी निवड चाचणी होती. आवाज शिकवणाऱ्या बुरुलबाईंनी बिश्केकमधून निघताना बजावलं, "जिपार, ओरडलीस तर आवाज गेला म्हणून समज. रडायचं तर पोटातून रड." पोटातून रड म्हणे. बाईंचं बोलायला काय जातंय!

घरी पोचले तर अंगणात तंबू उभा, आत बाबा. किर्गिझ रीतीप्रमाणे आम्ही बायका तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बसलो. फाटकाशी माणसांचा नवा घोळका आला की विलाप सुरू करायचा. मी बाईंनी शिकवल्यासारखी कंबर सैल सोडली, श्वास खाली पोटात नेला आणि बाबांना हाक घातली.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे घसे बसले. माझा खणखणीत. आमच्याकडे बाप गेलेल्या मुलीचा घसा बसला नाही, तर तिला दुःखच झालं नाही असं लोक धरून चालतात.

उल्कान आत्याने माझ्या पोटावर हात ठेवला. "हे काय गं भात्यासारखं हलतंय?"

"श्वास आहे, आत्या."

"बाप गेलाय तुझा. इथे पण नाटकं?"

शेजारची काकू लगेच दुसरीच्या कानाला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकदा घसा फाडून ओरडले असते, तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण मग सोमवारही गेला असता. मी तशीच श्वास सांभाळत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना उचललं. कबरस्तान टेकडीवर, आणि बायकांनी फाटकाशीच थांबायचं. पुढे जाणार तो फक्त आवाज. आत्याने तोंड उघडलं, नुसती हवा आली. बाकीच्यांचंही तेच. आत्याने माझा दंड धरला.

"तू म्हण," ती कशीबशी कुजबुजली. "आमचं संपलं. दादा एकटाच चाललाय गं."

माझे गुडघे ताठ झाले होते, हुंदका गळ्याशी आला होता. आता रडले तर आवाज फाटकातच पडणार. बाबांचा भयंकर राग आला, असे न सांगता निघाले म्हणून. मी गुडघे सोडले, श्वास घेतला आणि बाबांना हाक घातली. आत्याचा हात पुन्हा पोटावर आला आणि तिथेच राहिला. माणसं वळणाआड गेली तरी मी थांबले नाही.

माझा भाऊ कबरस्तानातून परत आला, टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला. "जिपार, माती टाकेपर्यंत ऐकू येत होतीस."

मग मात्र मी ओरडले. कंबर, श्वास, सोमवार, कशाचंच भान राहिलं नाही. आत्या माझं तोंड दाबत होती आणि त्या बसलेल्या आवाजात सांगत होती, "बास गं बाय, घसा जाईल तुझा."