पायबसच्या शेडमधली बुटकी घोडी

मित्रांनो, मी एक जुनी आणि भारी संशयी घोडी आहे. घोडी म्हटलं म्हणून लगेच लगाम शोधू नका. मला शेपूट नाही आणि चाराही लागत नाही. सुतार जिच्यावर फळी ठेवून कापतो ती चार पायांची लाकडी घोडी मी. माणूस फळीवर गुडघा रोवतो आणि माझ्या डोळ्यांदेखत दिवसभर करवत दात विचकत वरखाली होते. असा जन्म मिळाल्यावर कुणावर चटकन विश्वास बसेल का, तुम्हीच सांगा.

टास्मानियात ह्यूऑन नदी समुद्राला मिळते त्या बाजूला मडी कोव्ह नावाचं गाव आहे. तिथे डूगल पायबस लाकडी होड्या बांधायचा. डूगल तेव्हा तिशीचा, ताडमाड उंच, नुकतंच लग्न झालेला. बापाची मोडकळीला आलेली घोडी त्याने शेडमधल्या चुलीत घातली, त्याच आचेवर चहा उकळला आणि मला घडवायला घेतलं. म्हणजे या जगात मी पहिलं काय पाहिलं, तर माझ्याच जातीच्या एका म्हातारीचं सरण. माझ्या स्वभावाचं मूळ तिथे आहे.

शेडमध्ये विजेवर चालणारं एकही हत्यार नव्हतं. डूगलने जाड फळीची माझी पाठ केली आणि हातकरवतीने चार पाय कापले. हे पाय सरळ खाली जात नाहीत. ते बाजूलाही फाकलेले असतात आणि पुढेमागेही, म्हणून तर अंगावर अख्खा माणूस रेलला तरी मी कलंडत नाही. पटाशीने पाठीत खाचा पाडून त्याने पाय बसवले, गिरमिटाने भोकं पाडली आणि लाकडी खुंट्या ठोकल्या. शेवटी पाठीवरून रंधा फिरला तेव्हा गुदगुल्या झाल्या, हे कबूल करते.

मग उंची ठरवायची वेळ आली. घोडी कधीही दुसऱ्याच्या मापाची चालत नाही. ती कापणाऱ्याच्या गुडघ्याला लागावी लागते. पायबसांच्या घरात यासाठी एक रीत होती. डूगल दाराच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि त्याच्या बायकोने, आयव्हीने, त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली पटाशीने खांबावर खाच पाडली. ती माझी उंची. चारही पाय जमिनीवर सारखे टेकावेत म्हणून डूगलने एक छोटा ठोकळा जमिनीवर ठेवला, त्यावर पेन्सिल आडवी धरली आणि तो ठोकळा प्रत्येक पायाभोवती फिरवला. चारही पायांवर एकाच पातळीत रेघ उमटली. त्या रेघेवर कापलं, की घोडी डुगडुगायची काय बिशाद! तो ठोकळा त्याने खांबावरच खिळ्याला टांगून ठेवला.

घोड्या नेहमी जोडीने असतात. दुसऱ्या दिवशी माझी जुळी बहीण झाली. ती अगदी भोळी, कुणी चहाचा कप ठेवला तरी तिला मायेचा स्पर्श वाटायचा. मी मात्र त्या कपाचा डाग पडेल का, याच काळजीत.

नंतरची तीस वर्षं भरभराटीची गेली. आमच्या पाठीवर किती होड्यांच्या फळ्या कापल्या गेल्या त्याला गणती नाही. ह्यूऑन पाइनचं लाकूड कापलं की सगळी शेड गोड वासाने भरून जायची. लांबलांबचे सुतार येत, मला हलवून बघत आणि म्हणत, "पायबस, घोडी असावी तर अशी." कौतुक कुणाला नको असतं? पण ते लोक गेल्यावर मी माझे पाय मोजून घ्यायची.

याच काळात क्लेम ट्रिफिट शेडमध्ये आला. क्लेमचं काम फळ्यांमधल्या फटींत सूत ठासून पुट्टी भरायची आणि होडी रंगवायची. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण करवतीच्या बाबतीत आनंदच होता. "क्लेमच्या हाती करवत म्हणजे माकडाच्या हाती कोलीत," असं डूगल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. शेडचा नियम होता, की कापताना घोडीच्या पाठीला चीर पडली तर चीर पाडणाऱ्याने बिअरची बाटली पाजायची. क्लेमने पहिल्याच आठवड्यात तीन बाटल्या पाजल्या. तेव्हापासून तो आमच्या वाटेला गेला नाही.

डूगलचं आणखी एक बोलणं गावभर माहीत होतं. कुणी विचारलं, की शेड कधी बंद करणार, तर तो म्हणायचा, "घोडीवर गुडघा टेकेनासा होईल त्या दिवशी कुलूप. त्याआधी एक दिवस नाही, त्यानंतर एक दिवस नाही." आणि डूगल शब्दाचा पक्का होता.

पुढे डूगल सत्तरीला आला. पाय वर घेताना तो ओठ दाबू लागला. आधी एका हाताने खांब धरायचा, मग दोन्ही हातांनी गुडघा उचलून फळीवर ठेवायचा. एक दिवस तो नुसताच माझ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, झालं, आता चूल.

त्याच हिवाळ्यात एक प्रकार घडला. डूगल दुपारी आयव्हीच्या हातचं सूप प्यायला घरी गेला होता. क्लेमने दारातून रस्त्यावर नजर टाकली, मला उलटी केली आणि माझ्या चारही पायांचा एकेक पातळ काप करवतीने उतरवला. त्याने ते काप चुलीत टाकले. एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ ठीक. पण कापलेली ताजी जागा जुनी दिसावी म्हणून त्याने तिच्यावर बुटाची माती चोळली! ज्याच्या मनात पाप नाही तो पुरावा कशाला जाळेल? माझ्यानंतर त्याने बहिणीलाही कापलं. ती म्हणाली, "काहीतरी चांगलंच असेल त्याच्या मनात." मी म्हणाले, "तू गप्प बस."

महिन्याभराने पुन्हा तेच, आणि वसंतात तिसऱ्यांदा. नजरेच्या अंदाजाने कापायचा, मग घोडी डुगडुगली की एक पाय आणखी थोडा कापायचा, मग दुसरा. त्या गडबडीत माझी उंची हकनाक जात होती.

डूगलला मात्र वेगळंच वाटत होतं. गुडघा पुन्हा फळीवर टेकू लागला होता. आयव्ही रोज त्याच्या गुडघ्याला समुद्रपक्ष्याच्या चरबीचं तेल चोळायची. त्या तेलाला असा वास, की शेडमधली मांजर पळून गेली. डूगल खूश होता. "सत्तरीतही पाय पंचविशीचा झालाय," असं सांगत तो गावभर त्या तेलाचे गोडवे गात हिंडला आणि उरलेली बाटली त्याने गुडघे दुखणाऱ्या पाद्रीबाबांना देऊन टाकली. माझा जीव तळमळत होता. हा भोळा सांब तेलाला श्रेय देतोय आणि तिकडे तीस वर्षांचा दोस्त त्याची घोडी पोखरतोय!

माझा संशय पक्का झाला तो जागांच्या दलालामुळे. होबार्टहून चकचकीत बुटांचा एक दलाल भर दुपारी, डूगल नसताना, शेडमध्ये आला. त्याने नदीकाठची जागा पावलांनी मोजली आणि दारापाशी क्लेमशी बराच वेळ हळू आवाजात बोलला. मला ऐकू आलं ते एवढंच, "म्हातारा अजून किती दिवस?" क्लेम काय म्हणाला ते वाऱ्यात गेलं. पण मी दोन आणि दोन चार केले.

अखेर पाप उघडं पडलं ते एका डुगडुगण्याने. डूगल एका लहान होडीची फळी कापत होता आणि मी हलले. केसभरच, पण डूगल थांबला. त्याने मला हाताने दाबून पाहिलं. त्याच्या हातची घोडी चाळीस वर्षांत कधी हलली नव्हती. तो खाली बसला, माझे पाय निरखले, चुलीमागे काहीतरी पडलेलं दिसलं तिथे हात घातला आणि नखाएवढ्या जाडीचा एक काप बाहेर काढला. गडबडीत तो चुलीत पडायचा राहून गेला होता.

"क्लेम, इकडे ये."

"पुट्टी लावतोय."

"पुट्टी मरू दे. ये म्हटलं ना."

क्लेम हात पुसत आला. डूगलने तळहात पुढे केला. "हे काय आहे?"

"लाकूड."

"कुठलं?"

"झाडाचं असेल."

"चावटपणा पुरे. असा दोन्हीकडून तिरका काप दुसऱ्या कशाचाही निघत नाही. हा माझ्या घोडीचा पाय आहे." त्याने मला फरफटत खांबापाशी नेलं. आयव्हीने पाडलेल्या खाचेच्या तीन बोटं खाली माझी पाठ आली. "तीन बोटं! कधीपासून चाललंय हे?"

"हिवाळ्यापासून," क्लेम म्हणाला. नाकारायचा प्रयत्नही त्याने केला नाही.

"वाटलंच मला. तो दलाल माझ्यामागे येऊन गेला म्हणे. गावात कळतं सगळं. म्हाताऱ्याची हत्यारं आधी मोडा, मग म्हातारा आपोआप मोडतो, असंच ना? तीस वर्षं एका चुलीवरचा चहा प्यालास रे!"

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते, मित्रांनो. आज ते आठवलं की लाज वाटते.

क्लेमचा चेहरा पडला. मग त्याचा आवाज चढला. "त्या दलालाने मला काय विचारलं माहीत आहे? म्हातारा अजून किती दिवस काढणार, असं विचारलं. मी म्हणालो, डूगलचा गुडघा घोडीवर टेकतोय तोवर शेड विकायची नाही. त्याचा शब्दच आहे तसा. त्याला हाकलून दिला."

"मग?"

"मग काय मग! शब्द तुझा, आणि तोंडावर पडलो असतो मी. आणि त्याच्याही आधी, हिवाळ्यातच, तुझा पाय वर जाईना. गुडघा टेकायला नको?"

बाहेर नदीवर कुणाची तरी होडी धक्क्याला आदळत होती. डूगल खांबाकडे वळला, एका हाताने खांब धरला आणि डावा गुडघा मुडपून पाऊल हळूहळू जुन्या खाचेकडे उचलू लागला. पाऊल निम्म्यावर गेलं आणि थांबलं. त्याने पुन्हा एकदा उचलून पाहिलं. खाच वरच राहिली.

"म्हणजे ते तेल..." डूगल म्हणाला.

"तेलाने काय होतंय, बाबा. वास तेवढा येतो."

"आणि मी बाटली पाद्रीबाबांना देऊन बसलो!"

"चर्चमध्ये पहिल्या बाकावर हल्ली कुणी बसत नाही, ते उगाच नाही."

डूगल आधी खोकल्यासारखं हसला, आणि मग बाहीने त्याने डोळे पुसले. क्लेमने चुलीत उगाचच एक लाकूड सारलं. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"साल्या," डूगल म्हणाला, "कापायचेच होते तर चारही पाय सारखे कापायचे होतेस. ही हलली नसती तर जन्मात कळलं नसतं मला." त्याने खिळ्यावरचा ठोकळा काढला आणि क्लेमच्या हातात ठेवला. "हा जमिनीवर ठेव. वर पेन्सिल धर. आता पायाभोवती फिरव. अरे, पेन्सिल नाही, ठोकळा फिरव! आणि हे बघ, आणखी बोटभर खाली घे. दर महिन्याला चोरून कापायचे कष्ट नकोत तुला."

"पाठीवरच्या चिरेला एक बाटली," क्लेम रेघ मारता मारता म्हणाला. "पायांना किती?"

"ते अजून कुणी ठरवलेलं नाही. आज मी पाजतो."

त्या दिवशी आमच्या दोघींच्या पायांना क्लेमची करवत उघडपणे लागली, आणि प्रथमच मला तिची भीती वाटली नाही. क्लेमने खांबावर खाली नवी खाच पाडली. डूगलने शब्द मोडला नाही. त्यानंतरच्या सहा वर्षांत खाली आणखी तीन खाचा पडल्या, पण त्याचा गुडघा घोडीवर टेकत राहिला, आणि ती सहा वर्षं शेड चालली.

आता डूगल नाही. क्लेम सकाळी येतो, माझ्यावर बसून चहा पितो आणि बहिणीवर पाय ठेवतो. मी एवढी बुटकी झाले आहे, की कापायच्या कामाची राहिलेले नाही. मध्यंतरी जुन्या हत्यारांचं प्रदर्शन भरवणारी मंडळी आली होती. मोठ्या प्रेमाने त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पायांना जोड देऊन हिला मूळ उंचीची करू." क्लेमने त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरी जुन्या वस्तू असतील, जुनी माणसंही असतील. त्यांना जपा, पण जपताना त्यांना पुन्हा नवं करायला जाऊ नका. कुठे काही कापलेलं, कमी झालेलं दिसलं, तर ते कुणी आणि कशासाठी कमी केलं ते आधी विचारा. मी विचारलं नाही. मी जन्मभर संशयच घेत राहिले. मला बोलता येत असतं, तर पहिलाच काप उतरला तेव्हा मी चोर चोर म्हणून ओरडले असते आणि त्याच हिवाळ्यात शेडला कुलूप लागलं असतं. देवाने घोडीला जीभ दिली नाही, ते बरंच केलं.

कधी मडी कोव्हला आलात तर दाराचा खांब बघा. त्यावर पाच खाचा आहेत. सगळ्यात वरची आयव्हीने पाडलेली, अगदी सरळ. खालच्या चार क्लेमच्या हातच्या आहेत, आणि चारही वाकड्या आहेत.