दुधनीच्या दिशेला

संघप्रिया गायकवाड सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि सुट्टीत हौशी रेडिओ चालवायच्या, म्हणजे घरच्या यंत्रावरून दूरच्या लोकांशी बोलायच्या. सरकारी परीक्षा देऊन त्यांनी परवाना काढला होता. दर रविवारी सकाळी दोघांशी त्यांचं बोलणं होई: अकलूजचे जोतिराम, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि दुधनीच्या हेमावती, ज्यांचं बाजारात धान्याचं दुकान होतं.

अडचण दिशेची होती. अकलूज पश्चिमेला, दुधनी आग्नेयेला. गच्चीवरची अँटेना ज्या बाजूला तोंड करील तिकडचंच नीट ऐकू येई. त्यामुळे संघप्रिया खालच्या खोलीत रेडिओपाशी बसत आणि त्यांचे यजमान सतीश गच्चीवर पाइप धरून उभे राहत. खिडकीतून हाक आली की पाइप फिरवायचा, थांब म्हटलं की थांबायचं. सतीश पोस्टातून निवृत्त झाले, गुडघा दुखायला लागला, तरी रविवारचा हा नेम चुकला नाही.

सतीशना जिने चढताना बघवेना, म्हणून संघप्रियांनी रोटेटर मागवला. पाइपाच्या बुडाशी बसवायची मोटर आणि खाली टेबलावर ठेवायचा कंट्रोल बॉक्स. बटण दाबलं की वर अँटेना फिरते आणि खाली काटा तिची दिशा दाखवतो.

"मग रविवारी मी काय करायचं?" सतीशनी विचारलं.

"आराम करा की," त्या म्हणाल्या.

शनिवारी दोघांनी मिळून तो बसवला. काटा उत्तरेवर आणून ठेवायचा आणि अँटेनाचं तोंडही बरोबर उत्तरेला करून पाइप आवळायचा, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. सतीशनी मोबाईलमधलं होकायंत्र पाइपाला टेकवून उत्तर धरली आणि नट आवळले. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा अँटेना फिरली, पण काटा जागचा हलला नाही. संघप्रियांनी वायरी एकेक तपासल्या. एक तार स्क्रूखाली नीट दाबली गेली नव्हती. ती घट्ट केल्यावर काटाही चालायला लागला आणि दोघं समाधानानं जेवायला बसले.

रविवारी मात्र काटा आग्नेयेवर नेला तरी हेमावती सापडेनात. नुसती खरखर. संघप्रियांनी अँटेना हळूहळू फिरवत नेली, तर काटा पूर्वेवर आला तेव्हा हेमावतींचा आवाज स्वच्छ उमटला. मग जोतिरामांना शोधलं. ते पश्चिमेऐवजी नैऋत्येला मिळाले. संघप्रियांनी दोन्ही दिशा कागदावर मांडून पाहिल्या. दोघंही सारखेच सरकले होते आणि एकाच बाजूला. म्हणजे मोटर ठीक होती, काटाही ठीक होता. चूक उत्तर धरण्यातच झाली होती.

"लोखंडी पाइपाला मोबाईल टेकवला ना," सतीश लगेच म्हणाले. "होकायंत्र बहकणारच. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"माझ्या तरी कुठं आलं? मी शेजारीच उभी होते."

आता होकायंत्र नको, असं दोघांनी ठरवलं. काटा आग्नेयेवर ठेवायचा, नट सैल करायचे, हेमावतींनी बोलत राहायचं आणि त्यांचा आवाज सगळ्यात जोरात येईल तिथे पाइप आवळायचा. आवाज सतीशना स्वतःला ऐकू यावा म्हणून संघप्रियांनी लांब वायर जोडून एक स्पीकर गच्चीवर नेऊन ठेवला. इतकी वर्षं सतीशनी खालची हाक तेवढी ऐकली होती. बोलणं कधीच ऐकलं नव्हतं.

हेमावतींना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, बोलायला काय, लई हाय. त्यांनी तुरीचा भाव सांगितला, नव्या गाईची खोड सांगितली. सतीश पाना हातात घेऊन पाइप थोडा थोडा फिरवत होते. आवाज वाढत गेला. मग हेमावती वेगळ्याच सुरात बोलू लागल्या.

"ताई, आमचे मालक गेले त्या वर्षी मी घरात कुणाशी बोलत नव्हते. रविवारी मात्र रेडिओ लावायची. आधी तुमचा आवाज बारीक यायचा, मग हळूहळू मोठा व्हायचा. मला कळायचं, दाजी वर उभे हायत. माझ्यासाठी कुणीतरी पावसात उभं राहतंय, एवढंच मनात धरून दिवस काढले बघा. त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं."

सतीशचा हात पाइपावर तसाच राहिला. आवाज आता अगदी समोर बसून बोलल्यासारखा येत होता. त्यांनी डोळे पुसले आणि नट आवळले.

सतीश खाली आल्यावर संघप्रियांनी माइककडे बोट दाखवलं आणि लगेच मागेही घेतलं. परवान्याशिवाय सतीशना बोलता येणार नव्हतं. सतीश म्हणाले, "त्यांना सांग, सगळं ऐकलं म्हणावं. आणि मी त्यांच्याशी बोलणार आहे, थोडा वेळ द्या."

त्यांनी त्याच दुपारी परीक्षेचं पुस्तक मागितलं. रोज चहानंतर ते गच्चीच्या सावलीत वाचत बसू लागले. विजेचं गणित त्यांना जड जाई, तेव्हा संघप्रिया शाळेतल्यासारखं फळ्यावर काढून दाखवत. एकदा समजलं नाही म्हणून ते रुसले, आणि त्या दिवशी दोघांनी अभ्यास सोडून भेळ खाल्ली. परीक्षा झाली, निकाल लागला, आणि बऱ्याच महिन्यांनी परवाना घरी आला.

पुढच्या रविवारी सतीश रेडिओसमोर बसले. काटा आग्नेयेवर होता. स्वतःचं नवं कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेली रेडिओवरची ओळख, म्हणताना जीभ अडखळली, म्हणून पुन्हा सावकाश म्हटलं.

"या री दाजी," पलीकडून हेमावती कानडी वळणानं म्हणाल्या. "तब्येत कशी हाय?"

मग गुडघ्याचं निघालं, गाईचं निघालं, दुधनीला एकदा जेवायला यायचं ठरलं. मध्येच जोतिरामांचा बारीक आवाज आला, त्यांच्यासाठी अँटेना पश्चिमेला वळवावी लागली आणि ऊसतोडीवर चांगली चर्चा झाली. संघप्रिया शेजारच्या खुर्चीवर माइकची वाट बघत बसल्या होत्या. बराच वेळ झाला तसं त्यांनी उठून भाजी निवडायला घेतली, पण कान तिकडेच ठेवला.