डाव्या बाहीवरचं लेबल

आनिसेला लेबल दिसलं तेव्हा तो शवपेटीपासून पाच हातांवर, दोन जाडजूड आत्याबाईंच्या मध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीत पक्का अडकला होता. लेबल दादांच्या कोटाच्या डाव्या बाहीवर होतं. काळं, त्यावर सोनेरी अक्षरं, चार कोपऱ्यांना चार टाके. दुकानदार लावतो आणि माणूस कोट घालण्याआधी काढून टाकतो, ते.

दादा म्हणजे फुल्बेर मिलांदू. आठवडाभर फ्रीज दुरुस्त करायचे आणि रविवारी कोट चढवून निघाले की बाकोंगो वस्तीचा अख्खा रस्ता थबकायचा. काँगोतल्या ब्राझाव्हिल शहराचे सापर लोक पोटाला चिमटा काढून सुटाबुटात फिरतात, आणि त्या सगळ्यांत चुका काढण्यात दादांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अंगावर तीनपेक्षा जास्त रंग नकोत. कोटाचं शेवटचं बटण लावायचं नाही. गडद कापडावर थेट इस्त्री फिरवून चकाकी आणलीत, तर त्या दिवशी त्यांच्यासमोर यायचं नाही. आनिसे अकरा वर्षं त्यांचा शिष्य. दर रविवारी दादा त्याच्याभोवती एक फेरी मारायचे आणि काहीतरी सापडायचंच. नखात अडकलेला रंग, कॉलरीच्या आतली घामाची रेघ, एका बाजूला झिजलेली टाच. सगळं ठीक असलं तर ते फक्त "काही नाही" म्हणायचे. आनिसेला ते एकदाही म्हणाले नव्हते.

इस्पितळात शेवटी शेवटी त्यांनी आनिसेचा हात धरून बजावलं होतं, "मला मातीत घालताना एक जरी चूक राहिली ना, तर बघ. तुझ्यावर सोपवतोय."

आनिसेने शब्द दिला होता. पण दादांचे थोरले भाऊ बासिल आडवे आले. चर्चमधले मोठे सेवक, सापर म्हटलं की कपाळाला आठ्या. "जिवंतपणी तुम्ही त्याला नाचवलंत, आता तो आमचा," म्हणाले आणि शवागारात स्वतःच भावाला कपडे घातले. आज सकाळी पेटी अंगणात आली, झाकण उघडलं, आणि पोटावर ठेवलेल्या हातासकट ते लेबल सगळ्यात वर.

बासिल जवळून गेले तसा आनिसे खुर्चीतूनच कुजबुजला, "बाबा बासिल, एक बारीकशी गोष्ट होती. ते बाहीवरचं लेबल..."

"दिसतंय ना?"

"दिसतंय, म्हणून तर म्हणतो."

"दिसायलाच ठेवलंय. जुन्या बाजारातला नाही, दुकानातला नवा कोरा कोट घेतलाय मी माझ्या भावाला. बघू दे गल्लीला."

"लोक हसतील हो दादांना."

"तुमचे ते नटवे? हसू देत. जागेवर बस, आणि पेटीला हात लावायचा नाही."

आनिसे बसला. दुसरं करणार काय? फाटकाबाहेर चाळीस सापर उभे होते. शेवटचं भजन झालं की त्यांना ओळीने आत सोडणार होते, आणि सगळ्यात पुढे बिशप. चर्चशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, नाव आपलं पडलेलं. दादांनी एकदा भर रस्त्यात त्याच्या कोटाच्या अस्तरातली सेफ्टी पिन सगळ्यांना दाखवली होती. त्याला वीस वर्षं झाली, बिशप विसरला नव्हता. तो आत येणार, लेबल बघणार, आणि दादा कायमचे "लेबलासकट गेलेला मिलांदू" होणार.

खिशात छोटी कात्री होती, पण ती काढायची कशी? मेलेल्या माणसाचं बटण, केस, साधा दोरा जरी कुणी घेतला तरी त्याचा एकच अर्थ लागतो: करणी. मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीत एका भाच्याने मामाच्या हातातली अंगठी काढली, तर त्याला पोलीस चौकीत पळून जीव वाचवावा लागला होता.

निळ्या ताडपत्रीखाली भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. आनिसेचा सूट फिकट बदामी, दुमडीला बोट कापेल अशी इस्त्री. गुरुवारी दादा गेले तेव्हापासून तो रडला नव्हता, कारण रेशमी टायवर पाण्याचे डाग जात नाहीत. एका आत्याबाईंनी ओला हात त्याच्या बाहीवर ठेवला होता, तिथे चुण्या पडत होत्या, आणि त्याला तो हातही बाजूला करवेना. आपण नटवेच आहोत, त्याला वाटलं. गुरू गेला तरी रडता येत नाही असे नटवे. भजनाचं शेवटचं कडवं सुरू झालं. फाटकाची कडी वाजली.

तेव्हा आनिसे उठला आणि "दादा!" करून त्याने पेटीवर झेप घेतली.

धूळ बसावी म्हणून सकाळी अंगणात पाणी मारलं होतं. त्या लाल चिखलात त्याचे दोन्ही गुडघे रुतले. दादांच्या थंड हातावर तोंड टेकून तो हंबरडा फोडू लागला आणि हंबरड्याखाली दातांनी टाके तोडू लागला. तीन टाके चटकन तुटले. चौथा काही केल्या सुटेना. कोट नवा, दोराही चांगला. बासिलचा हात त्याच्या खांद्यावर पडला आणि त्याच क्षणी आनिसेला खरंच रडू कोसळलं, नाकातोंडातून, चार दिवसांचं एकदम. टाका तुटला. त्याला ओढून उभं केलं तेव्हा लेबल गालात होतं.

बिशप आत आला. पेटीभोवती सावकाश फिरला. टायची गाठ पाहिली, बटणं पाहिली, दोन्ही बाह्या पाहिल्या.

"काही नाही," बिशप म्हणाला आणि त्याने टोपी काढली.

मग त्याचं लक्ष आनिसेकडे गेलं. "आणि हे काय ध्यान! गुडघे बघ, नाक बघ. मिलांदूचा शिष्य ना रे तू?"

आनिसेने ओठ घट्ट मिटले. बासिल मात्र पेटीकडे बघत होते.

"लेबल कुठंय?"

सगळ्यांच्या नजरा एका माणसावर आल्या. पेटीला हात लावणारा तोच एक.

"मी तुला विचारतोय. बोल की! तोंड शिवलंय का?" बासिल पुढे सरकले. "उघड तोंड."

मागच्या रांगेतली दोन पोरं खुर्च्यांवरून उठली. आनिसेच्या जिभेखाली लेबलाचा कोपरा टोचत होता. गिळायला गेला तर घसा कोरडा, पळायला गेला तर मागे पेटी.

दादांची बायको ओर्तांस सकाळपासून चटईवर गप्प बसून होती. ती उठली, भावजी आणि आनिसे यांच्या मधे येऊन उभी राहिली आणि हातातला रुमाल तिने आनिसेच्या तोंडावर दाबला, लहान मुलाचं पुसावं तसा.

"थुंक," ती ओठ न हलवता म्हणाली.

तो थुंकला. तिने रुमालाची गाठ मारली आणि कमरेला खोचली.

"लेबल मी काढलं, भावजी. माझ्या नवऱ्याला दुकानातल्या बाहुल्यासारखा नाही पाठवायचा मला. आणि रडणाऱ्याला कसले प्रश्न विचारता?"

बासिलचा चेहरा पडला. आवाजही. "नवा घेतला होता गं मी. एवढंच दिसायला हवं होतं लोकांना."

"दिसतंय," बिशप म्हणाला. "खांद्याची शिवण सांगते. आम्हाला कळतं."

बासिल पेटीशी गेले आणि भावाच्या खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले.

पेटी उचलली. ओर्तांसने आनिसेच्या गुडघ्यांकडे पाहिलं. चिखल वाळायला लागला होता. "झटक ते," ती म्हणाली. "ते असते तर किती बोलले असते तुला."

"हो वहिनी," आनिसे म्हणाला, आणि दफनभूमीपर्यंतच्या सबंध वाटेत, चाळीस सापरांच्या मधून चालताना, त्याने गुडघे झटकले नाहीत.