स्टिकला घातलेली माळ

अमरसिंह सरनोबतकडं विमान चालवायचा परवाना नव्हता, विमान नव्हतं, आणि उभ्या आयुष्यात तो विमानात बसला होता तो एकदाच, मुंबई ते गोवा, तेही मधल्या सीटवर. तरीपण कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आपल्या नव्या सेंटरच्या काचेच्या दारावर त्यानं स्वतःच्या नावाआधी ‘कॅप्टन’ असं सोनेरी अक्षरांत रंगवून घेतलं होतं. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी दातांचा दवाखाना, समोर बारावीचे क्लास, आणि दुसऱ्या मजल्यावर हे ‘गरुडझेप पायलट पूर्वतयारी केंद्र’. साल होतं २००७. नवनव्या विमान कंपन्या निघत होत्या, पोरांना पायलट व्हायचे डोहाळे लागले होते, आणि वडील गणपतराव यांचं ट्रॅक्टरचं दुकान दणक्यात चालत असल्यामुळं अमरसिंहाला काहीतरी करून दाखवायला भरपूर सवड होती.

केंद्र म्हणजे काय, तर तीन मोठे पडदे, एक तगडा कॉम्प्युटर आणि अपघातात गेलेल्या एका मोटारीची ड्रायव्हरची सीट. हे कॉम्प्युटरवरचं, घरबसल्या उडवायचं विमान अमरसिंह चार वर्षं उडवत होता. त्यात त्यानं तीन जॉयस्टिक मोडल्या. तालमीत दोन पावसाळे काढलेला हा गडी, विमान वर न्यायचं म्हणजे जॉयस्टिक मुळासकट उपटायची असं समजत होता. मग इंटरनेटवर त्यानं वाचलं, की काही लढाऊ विमानांतली स्टिक हलतच नाही. ती जागेवर घट्ट असते. पायलटच्या हाताचा जोर किती आणि कुठल्या बाजूला, तेवढं ओळखते, आणि विमान त्याप्रमाणं वळतं. परदेशातले हौशी लोक घरच्या विमानालाही तशी स्टिक बनवतात. हलत नाही म्हणजे मोडत नाही, एवढाच अर्थ अमरसिंहाच्या डोक्यात शिरला, आणि त्या मजकुराची प्रिंट घेऊन तो उद्यमनगरात प्रसेनजीत कुरणेच्या दुकानात आला.

प्रसेनजीत वजनकाटे दुरुस्त करायचा. गडमुडशिंगीचा, चाळिशीला टेकलेला, तोंडानं कमी बोलणारा आणि मनातल्या मनात अख्ख्या जगाला नावं ठेवणारा माणूस. जिल्ह्यातल्या कितीतरी दूध डेअऱ्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे त्याच्या हाताखालून गेले होते. त्यानं प्रिंट वाचली आणि त्याला हसूच आलं. ह्यात नवीन काय? काट्याच्या पोटात लोड सेल नावाचा धातूचा तुकडा असतो. वर दुधाचा कॅन ठेवला की तो डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, आणि तेवढ्यावरून काटा वजन सांगतो. तेच तुकडे वेगळ्या अंगानं बसवले, एक पुढंमागं ओळखायला आणि एक डावंउजवं, वर मूठ लावली, की झाली साहेबांची लढाऊ स्टिक.

मनात म्हणायला काय जातं. प्रत्यक्षात तीन महिने गेले. पहिली स्टिक सकाळी एक बोलायची आणि दुपारच्या उन्हात भलतंच. दुसरीला पंख्याचा वारा लागला की पडद्यावरचं विमान थरथरायचं. तिसरी आणि चौथी त्यानं स्वतःच भंगारात टाकली. पाचवी जमली. तिच्या मुठीला त्यानं एका बोटानं हलकंसं दाबलं, आणि विमान पंचगंगेवरून अलगद वळलं. त्या खडूस माणसाच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. आजवर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू तो नीट करत आला होता. ही पहिली त्याची स्वतःची होती.

म्हणून ठरलेल्या पैशांखेरीज त्यानं मागितलं ते एकच. प्रत्येक काट्यावर बनवणाऱ्याची पाटी असते, तशी पितळी पाटी त्यानं स्टिकच्या पेटीवर पुढच्या बाजूनं, बघणाऱ्यांना दिसेल अशी ठोकली. ‘निर्माता : प्रसेनजीत कुरणे, उद्यमनगर, कोल्हापूर. क्षमता २० किलो.’ अमरसिंह तेव्हा ‘लाव की, तुझाच मान हाय त्यो,’ असं म्हणाला होता. प्रसेनजीतची आई आक्काताई हिनं तर त्या पाटीपायी त्याला भंडावून सोडलं होतं.

“नाव लांबनं दिसतंय न्हवं?”

“दिसतंय गं आई.”

“मग बरं. तुझ्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंती बांधल्या. कुठं नाव हाय त्याचं?”

मुठीखाली प्रसेनजीतनं काट्याचीच लाल आकड्यांची खिडकी बसवली होती, हाताचा जोर किती पडतोय ते चालवणाऱ्याला कळावं म्हणून. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अमरसिंहानं तिच्यावर काळी टेप चिकटवली. “हे आकडं बघून भाजी मंडईत आल्यागत वाटतंय,” तो म्हणाला. पाटी शाबूत होती, तेवढं प्रसेनजीतला पुरे होतं.

उद्घाटन खंडेनवमीचं. हत्यारांना पुजायचा दिवस. प्रसेनजीतच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र दिनासाठी पांढऱ्या साड्यांना इस्त्री चालली होती, तरी तो आठ वाजताच येऊन सगळं चालू करून, स्टिक शून्यावर आणून बसला होता. दहाला माणसं जमली. अमरसिंह पायलटचा पांढरा शर्ट घालून आला. खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या होत्या. त्या त्याला कुणी दिल्या, हे विचारायची सोय नव्हती. स्टिकला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि मग आली मनगटाएवढी जाड झेंडूची माळ. अमरसिंहानं माळेचा एक वेढा मुठीला घट्ट दिला आणि उरलेली सगळी माळ, टोकाला आंब्याच्या डहाळ्यांचा भला मोठा गोंडा, टेबलाच्या पुढच्या कडेवरून खाली लोंबती सोडली. पितळी पाटी तिच्यामागं गडप झाली.

प्रसेनजीत पुढं झाला. “दादा, पूजा झाली की माळ काढून ठेवा. तिच्या वजनानं स्टिक पुढं ओढली जातीय.”

“खंडेनवमीला हत्याराची माळ काढायची?” अमरसिंह हसला, आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, “तुमच्यात नसंल, आमच्यात असतंय. आन वजनाचं निमित्त कशाला सांगतोस? नाव झाकलं म्हणून जीव खालवर हुतोय तुझा. स्टिक हललीय का बघ की जरा. हाय तिथंच हाय. जा, बस मागं.”

प्रसेनजीतच्या कानशिलाला आग लागली. ‘तुमच्यात’ ह्या शब्दाचा त्याला संताप आला, आणि नाव झाकल्याचं आपल्याला खरोखर झोंबलंय ह्याचा त्याहून जास्त. हलली नाही म्हणजे ओढच नाही, असं समजणाऱ्या माणसापुढं डोकं काय फोडायचं? हलत नाही हीच तर तिची करामत होती. तीन महिने समजावून सांगितलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तो शेवटच्या रांगेत, दातांच्या दवाखान्यातून मागून आणलेल्या स्टुलावर जाऊन बसला.

प्रमुख पाहुणे होते निवृत्त विंग कमांडर इंगळे. मूळचे कागलकडचे, सत्तरी ओलांडलेले, खरीखुरी लढाऊ विमानं उडवून आलेले. ते पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. अमरसिंहानं माइक हातात घेतला.

“ही फोर्स स्टिक आमी स्वतः तयार केलीय! फॉरेनला लोक जे करतात, ते कोल्हापूरनं करून दाखवलं. सहा म्हयनं घाम गाळलाय!”

घाम? एसी लावलेल्या खोलीत? आणि सहा महिने कुठले? प्रसेनजीतनं स्टुलाची कड घट्ट धरली. टाळ्या पडल्या. गणपतरावांनी तर उभं राहून वाजवल्या.

अमरसिंह सीटवर बसला. पडद्यावर कोल्हापूरच्या विमानतळाची, उजळाईवाडीची धावपट्टी आली. विमान धावायला लागलं, पण नाक काही उचलेना. अमरसिंहानं ओढलं, आणखी ओढलं, मानेच्या शिरा तटतटल्या, तेव्हा कुठं ते रडतखडत वर चढलं. शर्ट पाठीला चिकटला होता, पण चेहऱ्यावर हसू आणून तो म्हणाला, “आता खरी गंमत बघा. हाताचा जोर काढला की विमान आपोआप सरळ जातंय. हात सोडून दाखवतो!” आणि त्यानं दोन्ही हात सोडून पहिल्या रांगेला नमस्कार केला.

नमस्कार पुरा व्हायच्या आत विमानानं नाक खाली घातलं आणि ते थेट धावपट्टीपलीकडच्या गडमुडशिंगीच्या शेतात घुसलं.

“मुडशिंगीत पडलं!” मागून कोणीतरी ओरडलं, आणि सगळा हॉल खदाखदा हसला.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा अमरसिंहानं हात सोडायचं धाडस केलं नाही, नुसता जोर कमी केला, तरी विमान मुडशिंगीतच गेलं. इंगळे काठीवरून पुढं वाकून बघत होते. गणपतरावांनी मान खाली घातली होती. अमरसिंहाचं तोंड लालबुंद झालं. त्यानं पुन्हा माइक उचलला.

“माझी चूक न्हाय ही! ही स्टिक ह्या प्रसेनजीत कुरणेनं बनवलीय. उद्यमनगरातला कुरणे. वजनकाटं दुरुस्त करणारा माणूस, त्याला काय विमानातलं कळतंय?”

नावगाव सगळं बरोबर सांगितलं गड्यानं. पाच मिनिटांपूर्वी जे नाव त्याच्या जिभेवर येत नव्हतं, ते आता माइकवरून जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू गेलं. सगळ्या माना मागं वळल्या. प्रसेनजीतला वाटलं, उठावं आणि सरळ जिना उतरावा. पण त्याला टेबलावर ती स्टिक दिसत होती. ती अगदी खरं तेच सांगत होती, आणि हा बाबा चारचौघांत तिला खोटं पाडत होता. ते मात्र त्याला सहन होईना.

तो उठला, टेबलापाशी गेला आणि त्यानं काळी टेप उपटून काढली. लाल आकडे दिसले.

“साहेब,” तो इंगळ्यांना म्हणाला, “कुणाचा हात न्हाय स्टिकला. तरी पुढच्या बाजूला एक किलो दोनशे दाखवतंय. जरा ह्यो गोंडा वर उचलून धरता?”

इंगळे उठले. त्यांनी लोंबता गोंडा तळहातावर घेतला आणि हळूहळू वर उचलला. आकडे उतरत गेले. नऊशे. चारशे. शून्य. त्यांनी गोंडा सोडला. पुन्हा एक किलो दोनशे.

“आरं तिच्या!” म्हातारा मोठ्यांदा हसला. “म्हंजे मघापासनं ही माळ इमान चालवतीय व्हय?”

“व्हय साहेब. मी म्हटलतो, काढा म्हणून.”

इंगळ्यांनी स्वतःच्या हातानं माळ सोडली, अमरसिंहाला सीटवरून उठवलं आणि ते बसले. दोन बोटांनी त्यांनी विमान वर नेलं, जोतिबाच्या डोंगराला वळसा घातला आणि मग हात सोडून मांडीवर ठेवले. विमान सरळ जात राहिलं. मग इंगळे उठून पुढं आले, चष्मा लावून वाकले, आणि त्यांनी पितळी पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचली. क्षमता २० किलोसकट. प्रसेनजीतला आईची आठवण झाली.

माणसं चहाला पांगली तसा अमरसिंह जवळ आला. हा माणूस तोंडघशी पडला तरी त्याचं नाक वरच. प्रसेनजीतच्या खांद्यावर हात टाकून तो म्हणाला, “झालं गेलं सोड, कुरणे. उद्या पेपरवालं फोटो काढायला येणार हायत. तेवढी पाटी काढून आपल्या सेंटरचं नाव टाक. माझ्या नावानं.”

प्रसेनजीतनं तो हात उचलून बाजूला ठेवला. टेबलावरची माळ त्यानं घेतली आणि अमरसिंहाच्या गळ्यात, त्या चार सोनेरी पट्ट्यांवरून, व्यवस्थित घातली.

“काट्यावर पाटी असती ती काटा बनवणाऱ्याची, दादा,” तो म्हणाला. “ज्याचं वजन झालं, त्याची न्हाय.”